दगड गुळगुळीत करायच्या घरगुती ड्रमला मोटार कुठली लावावी? आणि स्पीड कंट्रोल?

सीनाकाठ
मंडळी, नमस्कार. विषय जरा आडवाटेचा आहे, सांभाळून घ्या.

मोहोळ तालुक्यात आमची थोडी शेती आहे. विहीर खोल केली तेव्हा काळ्या पाषाणाबरोबर पांढऱ्या, निळसर, मधाच्या रंगाच्या गारा निघाल्या. काही फोडल्या तर आत कांद्यासारखे पट्टे. तेव्हापासून नाद लागला. बांधावरून, सीनेच्या वाळूतून गोळा करत चार वर्षांत तीन पोती झाली. सोलापूरच्या घरात पोती जिन्याखाली आहेत आणि सौं.ची नोटीस आली आहे: पोती तरी हलतील, नाहीतर मी.

म्हणून ड्रममध्ये फिरवून गुळगुळीत करायचं ठरवलं. ड्रम तयार आहे. २०० मिलिमीटर बाहेरच्या व्यासाचा पीव्हीसी पाईप, फूटभर लांब, आत ट्रकच्या ट्यूबचं अस्तर. अस्तरासकट आतला व्यास १८ सेंटिमीटर भरतो. दगड, पाणी, घासायची पूड घालून वजन दहा-बारा किलो. तो दोन रुळांवर आडवा ठेवून फिरवायचा, एवढं डोक्यात पक्कं आहे.

अडलंय मोटारीपाशी. भंगारबाजारातल्या एकाने मिक्सरची मोटार दिली, म्हणाला पंख्याचा रेग्युलेटर लावा, पाहिजे तेवढं हळू फिरेल. लावलं. दहाव्या मिनिटाला पोळी करपल्यासारखा वास आणि रेग्युलेटर हाताला चटका देईल इतका गरम. बंद केलं.

आता घरात कूलरची जुनी मोटार आहे. शेजारी माग विकले, तो मागाची मोटार देतो म्हणतोय. यातली कुठली चालेल? आणि वेग कमी-जास्त करायला काय लावू?

तवा_गरम
सर, तीन पोती दगड आणि एक बायको. पोती हलवा. मोटारीचं नंतर बघू.

शेंगाचटणी
वहिनींच्या बाजूने एक मत. आमच्याकडे दगड नाहीत, जुन्या टीव्हींचे खोके आहेत. तेवढाच फरक.

वाइंडिंगवाला_अण्णा
सर, पयलं ते रेग्युलेटर काढा बघू. काय करलालाव तुम्ही!

मिक्सरची मोटार ब्रशची. मोकळी सोडली तर पंधरा-वीस हजार फेरे मारती. तिला दोन-तीन मिनिटं चटणी वाटायची सवय. तुमचा ड्रम रात्रंदिवस फिरणार, पयल्या टप्प्यालाच आठवडा. चार दिवसांत ब्रश खाऊन टाकील, त्याच्या आधी आर्मेचर (आतला फिरणारा भाग) जाईल. शिलाई मशीनची मोटार पण तीच जात. ड्रिल मशीन पण तीच. ह्या कामाला तिन्ही नकोत.

कूलरची मोटार म्हणाल तर ती चांगली, पण तिला थंड कोण ठेवतंय? तिचंच पातं. पातं काढलं की वारा बंद. मग आपल्या मे महिन्यात ती बसल्या जागी भाजून निघती. माझ्याकडं दर उन्हाळ्यात अशा येतात. "अण्णा, कडबा कापायला लावली होती", "अण्णा, लस्सी घुसळायला लावली होती". वाइंडिंग काळंकुट्ट.

मोटार घेताना पाटी वाचा. ड्युटीच्या पुढं एस१ लिहिलं असेल तर ती सतत चालायची. एस२, एस३ म्हणजे थोडा वेळ चालायची, थांबायची. पाटीच नसली तर दुकानदाराच्या तोंडाकडं बघू नका, पुढच्या दुकानात जा.

सीनाकाठ
अण्णा, धन्यवाद. पण पंख्याला रेग्युलेटर चालतो, मग मोटारीला का नाही? पंखासुद्धा इंडक्शन (बिनब्रशची) मोटारच ना?

पेठेतला
प्रश्न रास्त आहे, आणि याचं उत्तर बऱ्याच इलेक्ट्रिशियनांना देता येत नाही. (अण्णांना म्हणत नाहीये.)

पंख्याला हवा कापायची असते. वेग निम्मा झाला की हवेचा विरोध पावपट होतो. रेग्युलेटरने व्होल्टेज उतरवलं की मोटारीचं बळ व्होल्टेजच्या वर्गाने घटतं, म्हणजे निम्म्या व्होल्टेजला पावपट बळ. गरजही घटली, बळही घटलं, जमून जातं. तुमच्या ड्रमचं तसं नाही. तो मिनिटाला २० फेरे घेवो की ४०, दहा किलो दगड तेवढेच वर उचलायचे. बळ पावपट झालं की मोटार अडखळते, करंट ओढत राहते आणि तापते. त्यात कपॅसिटर-स्टार्ट मोटार असेल तर आणखी वाईट. वेग फार पडला की आतला सेंट्रिफ्यूगल स्विच परत जोडला जातो आणि सेकंद-दोन सेकंदांसाठी असलेलं स्टार्टिंगचं वाइंडिंग सतत चालू राहतं. मग धूर.

माझं मत: व्हीएफडी लावा, म्हणजे विजेचे हर्ट्झ बदलून मोटारीचा वेग बदलणारा खोका. मागाची मोटार थ्री-फेज असणार. घरच्या सिंगल फेजवर चालणारा छोटा व्हीएफडी मिळतो, २३० व्होल्ट आत, थ्री-फेज २३० बाहेर. नॉब फिरवा, वेग बदला. एकविसावं शतक आहे.

वाइंडिंगवाला_अण्णा
पेठेतले दादा, नावं ठेवा आमाला, पण एक विसरलाव. मागाची एक एचपीची मोटार आतून स्टारमध्ये जोडलेली अस्ती, म्हंजे तिन्ही वाइंडिंगची एकेक टोकं एका गाठीत, ४१५ व्होल्टची. तीनच वायरी बाहेर. तिला २३० चा व्हीएफडी लावला तर निम्मं बळ सुद्धा मिळायचं नाही. मोटार खोलायची, स्टारची गाठ सोडायची, सहा वायरी बाहेर काढायच्या, डेल्टा जोडायचा, म्हंजे तिन्ही वाइंडिंग त्रिकोणात. मग २४० व्होल्टला बरोबर बसती. अर्ध्या तासाचं काम, पण म्हाईत असलेल्याकडून करून घ्या.

आणि व्हीएफडीला सिंगल फेजची कपॅसिटरवाली मोटार लावायची नाय. लोकं लावतात, मग माझ्याकडं येतात.

पेठेतला
स्टार-डेल्टाचा मुद्दा मान्य. लिहायला हवा होता.

बार्शी_लाइट
अण्णांनी पेठेत जाऊन गोल केला. चहा माझ्याकडून.

अक्कलकोट_रोडवाला
एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. पंचिंगच्या सुट्या भागांचा बर (कडेला राहणारी धार) काढायला असाच ड्रम आम्ही सहा वर्षं चालवतोय, फक्त मोठा. त्यामुळे दोन शब्द.

सर, तुम्ही मोटारीपासून सुरुवात केलीत. ड्रमपासून करा. आधी ड्रमला किती फेरे हवेत ते काढा. प्रत्येक ड्रमचा एक वेग असतो, त्याच्यावर माल भिंतीला चिकटून गोल फिरायला लागतो आणि खाली पडतच नाही. तो काढायचा हिशेब सोपा: आतला व्यास मीटरमध्ये घ्या, त्याचं वर्गमूळ काढा, ४२.३ ला त्याने भागा. तुमचे १८ सेंटिमीटर म्हणजे ०.१८, वर्गमूळ ०.४२४, उत्तर येतं १०० च्या आसपास. दगडांना याच्या निम्मा किंवा थोडा कमी वेग ठेवा, ४० ते ५०. दगड वर चढून उतारावरून घसरत खाली यायला हवेत, उड्या मारत नव्हे. उडी मारली की अकीकाच्या (तुमच्या पट्टेवाल्या गारांच्या) कडा चंद्रकोरीसारख्या फुटतात.

ड्रम मोठा तितका सावकाश. आमचा ६० सेंटिमीटरचा आहे, तो २५ ते ३० वर चालतो.

आता मोटार. चार पोलची साधी मोटार लोडवर मिनिटाला १४०० ते १४४० फिरते. तुम्हाला हवेत ४५. म्हणजे तीसपट कमी. हे काम कुठलाही नॉब करणार नाही. व्हीएफडीवाल्या दादांनी हिशेब करून बघावा, १४४० च्या मोटारीला थेट ४५ वर आणायचं तर दीड हर्ट्झला चालवावी लागेल. मोटारीला थंड ठेवणारा तिचा मागचा पंखा जागेवर उभा राहील. व्हीएफडी घेतलात तरी पुली लागणारच. आणि पुली लागणारच असेल तर व्हीएफडी कशाला?

पेठेतला
कारण तुमच्या वर्कशॉपमध्ये लेथ आहे, सरांकडे नाही. पुली चुकली की नवी आणा. व्हीएफडी असला की २५ ते ५० हर्ट्झमध्ये दुप्पट फरकापर्यंत हवं तसं जुळवता येतं, मोटार तापतही नाही. शिवाय पहिल्या टप्प्याला जरा जोरात, पॉलिशला सावकाश, असं करता येतं. तुम्ही स्वतः काय वापरता हो?

अक्कलकोट_रोडवाला
व्हीएफडी. 😄

पण आमच्याकडे सकाळी पितळ, दुपारी लोखंड. मालागणिक वेग वेगळा. सरांचे दगड महिनाभर एकाच वेगाने फिरणार आहेत. एकदाच ठरवायच्या गोष्टीला नॉब कशाला?

तवा_गरम
हे म्हणजे डॉक्टर स्वतः सिगरेट ओढत पेशंटला सांगतो तसं झालं.

गारगोटी
सोलापूर माहेर, भूशास्त्र शिकवते. मोटारीतलं कळत नाही, दगडातलं सांगते.

सर, सगळ्या "गारा" एकत्र टाकू नका. आपल्या बेसाल्टच्या पोकळ्यांमध्ये दोन जातींचा माल सापडतो. एक अकीक, कॅल्सेडनी, जास्पर हे सगळे क्वार्ट्झचे भाऊबंद, काठिण्य दहापैकी साडेसहा ते सात. दुसरा झिओलाइट. मोरपंखासारखा, पानासारखा दिसणारा, पांढरा किंवा सालमन गुलाबी स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट. यांचं काठिण्य साडेतीन-चार. दोन्ही एका ड्रममध्ये गेले तर आठवड्याने झिओलाइटची खीर आणि अकीक तसाच. विहिरीतून निघालेला झिओलाइट तर फिरवूच नका. त्याचे स्फटिक हीच त्याची शोभा, कपाटात ठेवा.

ओळखायला चाकूचं टोक ओढून बघा. चरा उमटला तर बाजूला काढा. नुसता काळा पाषाणही घालू नका, त्यात बारीक भोकं असतात, पूड त्यात अडकते आणि पुढच्या टप्प्यात बाहेर येऊन सगळ्या मालावर ओरखडे काढते.

पूड म्हणजे सिलिकॉन कार्बाइड. नंबर मोठा तितकी पूड बारीक. आधी ८० नंबर, मग २२०, मग ५०० किंवा ६००, शेवटी सिरियम ऑक्साइड. प्रत्येक टप्प्याला साधारण आठवडा, पहिल्याला जास्तही लागेल. दोन टप्प्यांमध्ये ड्रम, दगड, झाकण असं धुवा की ८० चा एक कण राहता कामा नये.

खंबायतला अकीकाचे मणी पिढ्यान्पिढ्या होत आलेत. तिथे दगड आधी भाजतात, रंग लालसर होतो. हे घरी करू नका, दगड फुटून उडतो.

शेंगाचटणी
"झिओलाइटची खीर" 😂 ताई, तुमचे विद्यार्थी नशीबवान.

सीनाकाठ
गारगोटी ताई, तुमचं वाचून एक पोतं वेगळं केलं. अर्ध्याहून जास्त चाकूने चरा जाणारं निघालं. सौं.ना सांगितलं की एक पोतं कपाटात जाणार. त्या काही बोलल्या नाहीत. हे चांगलं की वाईट कळेना.

बार्शी_लाइट
माझं ऐका. गाडीच्या वायपरची मोटार घ्या. १२ व्होल्ट, आतच गिअर, मिनिटाला चाळीस आणि साठच्या आसपास असे दोन वेग तिलाच असतात, कारण आत तिसरा ब्रश असतो. पीडब्ल्यूएमचं (वीज भराभर चालू-बंद करणारं) छोटं कार्ड लावलं की वेग पाहिजे तसा. ना पुली, ना पट्टा. मी मुलाच्या प्रदर्शनासाठी तीन किलोचा ड्रम केला होता.

वाइंडिंगवाला_अण्णा
किती दिवस चालला?

बार्शी_लाइट
प्रदर्शन दोन दिवसांचं होतं.

वाइंडिंगवाला_अण्णा
मग बराबर.

बार्शी_लाइट
मान्य. तरी तीन किलोला चालेल असं अजून म्हणतो. बारा किलोला आणि महिनाभर म्हणाल तर ब्रशचा आणि त्या नायलॉनच्या गिअरचा भरवसा नाही. आणखी एक, बऱ्याच वायपर मोटारींची बॉडीच निगेटिव्ह असते. लोखंडी फ्रेमवर बसवताना हे ध्यानात असू द्या. आमच्या शाळेत सप्लाय दोनदा ट्रिप झाला तेव्हा कळलं.

हुतात्मा_एक्स्प्रेस
सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीनची धुण्याची मोटार कुणी सुचवली कशी नाही? मी लावली होती. तिसऱ्या रात्री गेली. पहाटे चार वाजता घरभर वास, आई म्हणाली गॅस चालू राहिलाय, सगळे गल्लीत. नंतर कळलं की तिचा टायमरच १५ मिनिटांचा असतो, ती काही रात्रभर फिरायला केलेली नाही. अण्णा म्हणतात ती पाटी तेव्हा वाचली असती तर.

पेठेतला
एक मधला मार्ग सुचवतो. गिअर लावलेली छोटी इंडक्शन मोटार येते, ६० किंवा ९० वॅटची, एकास तीसचा गिअर. १४४० भागिले ३० म्हणजे ४८. रुळाला नाही, ड्रमलाच शाफ्ट बसवून त्याला थेट जोडायची. रात्रंदिवस चालायला केलेली असते, आवाज कमी, वीज कमी. नवी घेतली तर महाग पडते हे खरं. सरांनी विजेचा हिशेब धरावा. पाव एचपीची मोटार ओझं कमी असलं तरी दीडशे वॅटच्या आसपास घेते. दिवसाला साडेतीन युनिट, महिन्याला शंभर. छोट्या गिअर मोटारीला त्याच्या निम्मी.

तवा_गरम
शंभर युनिट जाळून नदीत फुकट मिळणारे गोटे. धंद्याला लागा सर, गड्ड्याच्या यात्रेत स्टॉल टाका. "राशीनुसार खडा, सिद्धेश्वर महाराज की जय."

गारगोटी
राशीचं नको हो. नुसतं "सीनाकाठचा अकीक" लिहिलं तरी खपेल.

अक्कलकोट_रोडवाला
गाडी रुळावर आणतो.

सर, शेजाऱ्याची एक एचपीची मोटार नको. तुमच्या कामाला ती चौपट मोठी. पाव एचपी, सिंगल फेज, १४४० ची, पाटीवर एस१ असलेली सेकंडहँड बघा. मोटारीला २ इंची पुली, रुळाला १२ इंची. १४४० चे झाले २४०. रूळ म्हणजे २० मिलिमीटरचा शाफ्ट, दोन्ही टोकांना यूसीपी २०४ बेअरिंग. त्यावर रबरी पाईप चढवून बाहेरचा व्यास ३२ झाला असं धरा. ड्रम २०० चा. २४० गुणिले ३२ भागिले २०० म्हणजे ३८. चाळीसच्या जवळ, जमलं. एकच पट्टा, उरलेलं काम रूळच करतो. हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही.

आता सुरक्षेचं. पट्ट्याला जाळी हवीच. घरात ओढण्या, पदर, लहान मुलं. अर्थिंग करा, जिथे पाणी आणि वीज शेजारी तिथे आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) असू द्या. ड्रममध्ये ॲल्युमिनियमचे तुकडे टाकून बघायचा मोह आवरा. बारीक पूड पाण्याशी वायू सोडते, घट्ट झाकण फुगतं. आमच्याकडे एकदा झाकण पत्र्याला जाऊन लागलं, खाली कुणी नव्हतं म्हणून बरं. आणि तो चिखल मोरीत ओतू नका. पाईपमध्ये सिमेंटसारखा बसतो. बादलीत निवळू द्या, वरचं पाणी झाडाला, खालचा गाळ वाळवून कचऱ्यात.

शेंगाचटणी
मोरीचं ठळक अक्षरात लिहा. प्लंबरला समजावून सांगताना तोंडाला फेस येतो.

सोलापूर_स्वारी
वाखुसा (वाचनखूण साठवली).

सीनाकाठ
दीड महिन्याने परत येतोय. धागा मीच काढला, तेव्हा काय झालं ते सांगायला हवं.

अक्कलकोट रोडवाल्यांचं ऐकलं. पाव एचपीची मोटार भंगारात मिळाली, पाटी पुसट होती पण एस१ वाचता आलं. अण्णांच्या ओळखीतल्या एकाने बेअरिंग आणि कपॅसिटर बदलून दिला. फ्रेम मागाच्याच लोखंडाची केली, शेजाऱ्याला तेवढंच बरं वाटलं. मोटार नाही तर नाही, मागाचे पाय तरी घरात आले.

पहिल्या दिवशी ड्रमवर खडूची रेघ मारली आणि घड्याळ लावून मोजलं. ३६ भरले. हिशेबापेक्षा दोन कमी, रबर थोडं घसरतंय. दगड नुसते लोळत होते, एकमेकांवर चढतच नव्हते. कान लावला तर आवाज वाळू चाळल्यासारखा. मग रुळावरच्या रबरी पाईपवर सायकलच्या ट्यूबचा थर गुंडाळला. व्यास ३८ झाला, फेरे ४३. आता आवाज बदलला, कुणी लांबून भुईमुगाच्या शेंगा सुपात पाखडतंय असा. हाच माझा स्पीड कंट्रोल, पेठेतले दादा. पंक्चरवाल्याकडे फुकट मिळाला.

एक चूक झाली ती सांगतो. ड्रम रुळांवर सरकत सरकत एका बाजूला जातो हे कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या रात्री तो फ्रेमला घासत राहिला आणि झाकणाची कड झिजली. आता दोन्ही टोकांना नायलॉनची छोटी चाकं लावली आहेत, ड्रम त्यांना टेकतो आणि फिरत राहतो.

मीटर बघितला. दिवसाला साडेतीन युनिटच्या जवळपास, जसं सांगितलं तसंच.

८० ची पूड दहा दिवस, २२० ची आठवडा, ६०० ची आठवडा, पॉलिश आठ दिवस. सिरियम ऑक्साइड काच पॉलिश करणाऱ्याकडे मिळालं. काल ड्रम उघडला. एका दगडात निळसर पट्टे आणि मधोमध भिंगासारखा स्वच्छ डोळा. चार वर्षं तो दगड पोत्यात तळाशी होता.

वाइंडिंगवाला_अण्णा
मोटारीवर हात ठेवून बघितला का सर? दुपारी दोनला.

सीनाकाठ
ठेवला. दहापर्यंत मोजता येतं, मग काढावासा वाटतो.

वाइंडिंगवाला_अण्णा
मग चांगली हाय की ओ. मे मध्ये गच्चीवर ठेवू नका तेवढं. मोटार ४० अंशांच्या हवेचा हिशेब धरून करतात, आपल्याकडं सावलीत सुद्धा त्याच्या वर जातंय. खाली पार्किंगमध्ये आणा.

गारगोटी
सर, तो डोळ्याचा दगड विकू नका. फोटो टाका.

तवा_गरम
वहिनींची नोटीस मागे घेतली का?

सीनाकाठ
नोटीस बदलली. डोळ्याच्या दगडाचं लॉकेट त्यांनी सोनाराकडे टाकलंय आणि जोडीला कानातलं हवंय. एकसारखे दोन दगड लागणार. पोत्यात दुसरा सापडेना, रविवारी सीनेवर जातोय. कुणी येणार असेल तर सांगा, पिशवी जाड आणा.